स्टफ सॅक घेताना ग्रॅम नेमके कुठे वाचतात?

जुलैत हरिश्चंद्रगडाला जायचं तर सामान भिजणार हे धरूनच चालायचं, रेनकव्हर लावलं तरी पाणी पाठीच्या बाजूनं आत उतरतंच. म्हणून लोक स्टफ सॅक, म्हणजे सॅकच्या आत सामान वेगवेगळं भरायच्या हलक्या कापडी पिशव्या घेतात, आणि मग कपड्यांची एक, खाऊची एक, चार्जरची एक, टूथब्रशची पण एक असं करत सात-आठ कधी होतात कळत नाही. प्रत्येक पिशवी हलकीच असते हो, पण सगळ्या मिळून?

साधी भूमिती आहे. 20 सेंटिमीटर बाजूचा ठोकळा म्हणजे 8 लिटर, त्याला कापड लागतं 2400 चौरस सेंटिमीटर. तेच सामान 1-1 लिटरच्या आठ ठोकळ्यांत भरलं की 4800, म्हणजे सरळ दुप्पट, वर आठ नाड्या आणि आठ लॉक वेगळेच. शिवाय गोल पिशव्या गच्च भरून ओळीत उभ्या केल्या तर साधारण पाचवा हिस्सा जागा नुसत्या फटींत जाते. त्यापेक्षा सैल भरा, कोपऱ्यात शिरतात.

आता कापड. 30 डिनियर म्हणजे 9 किलोमीटर धाग्याचं वजन 30 ग्रॅम, म्हणजे आकडा लहान तेवढा धागा बारीक. नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं, पॉलिएस्टर जवळजवळ पीत नाही, पण हा फरक तंबूला जास्त जाणवतो, पिशवीला फारसा नाही. पिशवीत बघायचं ते कोटिंग, म्हणजे कापडावरचा पाणी अडवणारा थर. स्वस्त पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग आपल्याकडच्या दमट हवेत माळ्यावर पडून राहिलं की पाण्यामुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, मग ते चिकट होतं, वास मारतं, पापुद्रे सुटतात. सिलिकॉनचं असं होत नाही, म्हणून सिलनायलॉन, म्हणजे सिलिकॉनचं कोटिंग असलेलं नायलॉन बरं. फक्त त्यावर शिवणीची टेप चिकटत नाही, शिवणींना सिलिकॉनचंच सीलर लावावं लागतं.

डायनीमा कंपोझिट, म्हणजे पातळ प्लॅस्टिक फिल्ममध्ये धागे दाबून केलेलं कापड, अजून हलकं, शर्यतीच्या बोटींच्या शिडांसाठी निघालेल्या कापडाचा हा वंशज, याचे धागे पाण्यापेक्षाही हलके. पण 10 लिटरच्या पिशवीत वाचतात जेमतेम पाच-दहा ग्रॅम, किंमत कितीतरी पट, आणि सारखं चुरगळून त्याच्या फिल्मला बारीक भोकं पडतात. ओल्या मोज्यात याहून जास्त पाणी असतं राव! सह्याद्रीसाठी मी तरी घेणार नाही.

माझं मत विचाराल तर सॅकच्या आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी लाइनर म्हणून, आणि तिच्यात स्लीपिंग बॅग आणि कोरड्या कपड्यांसाठी सिलनायलॉनच्या दोनच, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या. नाडीवाली पिशवी तोंडातूनच गळते, कापड कितीही भारी असू दे. नवी पिशवी आणली की हवा भरून तोंड गुंडाळा आणि बादलीत दाबून धरा, बुडबुडे शिवणीतून येतायत की तोंडातून ते लगेच दिसतं, शिवणीतून येत असतील तर सीलर लावा, तोंडातून येत असतील तर अजून दोन घड्या घालून परत बुडवून बघा.