‘सात्सुमा’ नावाचा गुंता : जपानी धुपाटण्यांची पार्श्वभूमी

कोरो म्हणजे जपानी धुपाटणे, पण आपल्यासारखे मूठ धरून घरभर फिरवायचे नव्हे. हे एका जागी ठेवायचे भांडे असते. बहुधा तीन पाय, दोन कान, जाळीदार झाकण आणि त्यावर पकडायला बसलेला सिंह. आत राख भरून त्यात निखारा ठेवायचा आणि वर धूप टाकायचा. अशी बरीच भांडी ‘सात्सुमा’ या नावाने विकली जातात. ते नाव कुठून आले, ते आधी पाहू.

जपानने कोरियावर केलेल्या १५९२–९८च्या स्वारीनंतर तिथून आणलेल्या कुंभारांनी जपानच्या क्युशू बेटाच्या दक्षिण भागात, सात्सुमा प्रांतात भट्ट्या लावल्या. पांढरी भांडी सरदारासाठी, काळी रयतेसाठी. रंगीत नक्षी आणि सोने अठराव्या शतकाच्या अखेरीस आले.

खरा घोळ १८६७ नंतरचा. पॅरिसच्या प्रदर्शनात या प्रांताने शोगुनाच्या (जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या) दालनापासून वेगळी मांडणी केली, १८७३ला व्हिएन्नात मागणी आणखी वाढली. मधल्या काळात, १८७१ला, संस्थानेच बरखास्त झाली आणि भट्ट्यांचा राजाश्रय गेला. पुरवठा मग क्योटो, ओसाका, योकोहामा, टोकियोने केला. काही ठिकाणी कोरी भांडी बाहेरून मागवून फक्त रंगवत. तरी विक्रीचे नाव ‘सात्सुमा’च! म्हणजे ते प्रांताचे नाव उरले नाही, शैलीचे झाले. शैलीच्या मालाला मूळ प्रांताच्या मालाचा भाव लावणे मात्र आजही सर्रास चालते. वर्तुळातला क्रूस हे सरदार घराण्याचे चिन्ह. तेही क्योटो-योकोहामाच्या मालावर रंगवलेले असते, त्यामुळे निव्वळ त्यावरून भट्टी ठरवू नये. तळाशी रोमन लिपीत ‘सात्सुमा’ दिसले, तर तो परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेला उशिराचा माल समजावा.

नक्षी भिंगाखाली बघावी. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर ती छापील. हाताने काढलेली रेघ कुठे जाड, कुठे बारीक असते आणि उठावाचे थेंब बोटाला लागतात. लुकणावरची (भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत लेपावरची) बारीक भेगाळ मात्र दोष नाही. थंड होताना लुकण मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून ती पडते. भांडे पाण्यात भिजत घालू नये, कारण पाणी या भेगांतून सच्छिद्र मातीत शिरते आणि नंतर पिवळट डाग उमटतात. सोने सर्वांत शेवटी, सर्वांत कमी आचेवर भाजलेले असते. घासणीने पहिले तेच जाते.

निर्यातीच्या अनेक कोरोंत राख कधी पडलीच नाही, ती भांडी दिवाणखान्यात शोभेलाच राहिली. झाकण जुळते का हे मात्र तपासावे. झाकणाच्या काठावरची पट्टी भांड्याच्या अंगावरच्या नक्षीशी जुळत नसेल किंवा दोन्हींची भेगाळ वेगळी असेल, तर झाकण दुसऱ्याच भांड्याचे असण्याची शक्यता मोठी.