पाटे कडक की शॉकअप गेले?

जुनी मारुती जिप्सी किंवा महिंद्राची एमएम ५४० जीप घेतली की मालकाची पहिली तक्रार ठरलेली असते: गाडी फार आदळते. त्यावर पुण्यात सल्लाही ठरलेला: शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) बदलून टाका. नाना पेठेतून नवी जोडी येते, बसते, आणि कर्वे रोडवरच्या पुढच्याच स्पीडब्रेकरला कंबर पूर्वीसारखीच ठणकते. कारण दुखणं बहुतेक वेळा पाट्यांचं (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) असतं आणि औषध शॉकअपला दिलेलं असतं.

गाडीचं वजन पेलतात ते पाटे. तेलाचा साधा शॉकअप वजन उचलत नाही. चाक खड्ड्यातून वर आलं की पाटा दबतो आणि मग उसळतो. ही उसळी आवरणं एवढंच शॉकअपचं काम. आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्या आल्या चारही शॉकअपना जपून हात लावून बघावा. तीन गरम आणि एक गार असेल तर तो गार काम करत नाहीये.

शॉकअप गेला की गाडी कडक होत नाही, उलट झुलायला लागते. हायवेवर खोलगट भाग आला की नाक दोन-तीनदा वरखाली होतं, वळणावर खडी लागली की मागचं चाक नाचतं. पाटे गंजून एकमेकांना धरले असतील तर तऱ्हा वेगळी. वेग कमी, खाचखळगे बारीक, पेव्हर ब्लॉकची गल्ली, आणि तरी दात वाजतात. मोठ्या खड्ड्यात मात्र तीच गाडी त्या मानाने बरी चालते. याचं कारण पाट्यापाट्यांमधल्या घर्षणात आहे. धक्का लहान असला तर ते घर्षण मोडतच नाही, पाटे एकमेकांवर सरकत नाहीत आणि हादरा थेट चासीला पोचतो.

बंपर दाबून सोडायची परीक्षा इथे फसवते. गंजून धरलेले पाटे मुळात उसळतच नाहीत, त्यामुळे मेलेला शॉकअपही पास होतो. त्यापेक्षा शॉकअपचा खालचा बोल्ट सोडून तो बाजूला नीट बांधावा आणि मोकळ्या सपाट गल्लीत चालण्याच्या वेगाने थोडी गाडी फिरवावी. आदळणं तसंच राहिलं तर शॉकअप निर्दोष. जास्त कडक किंवा आत अडकलेला शॉकअपही धक्के देतो, पण तो या परीक्षेत लगेच पकडला जातो.

आता पाटे उतरवून त्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढा. मधे तांबूस भुगा दिसेल. धाकट्या पाट्याचं टोक वरच्या पाट्यात रुतून तिथे खाच पडलेली असेल, नखाला लागते. ते टोक दर वेळी त्या खाचेत अडकतं. टोकाची धार घासून गोल करायची, गंज ब्रशने काढायचा, टोकांशी नायलॉनचे तुकडे किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस घालायचं. साधं ग्रीस थापू नका, मुळशीच्या एका फेरीत त्याचा चिखल होतो. खाच खोल असेल तर पाटा बदलाच, तडा तिथूनच जातो. पाट्यांना बांधून ठेवणाऱ्या क्लिपाही आवळून ठोकलेल्या नसाव्यात.

एखादा पाटा कमी करायचा सल्लाही मिळतो. तो सरसकट चुकीचा नाही, पण हिशोब समजून घ्यावा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो: इतर मापं सारखी असली तर ८ मिमीचा एक पाटा ६ मिमीच्या जवळजवळ अडीच पाट्यांइतका कडक. म्हणजे आधीच्या मालकाने जादा लोडसाठी घातलेला एक जाड पाटा काढला तरी मोठा फरक पडतो. सगळ्यात लांब मेन पाट्याला आणि त्याला धरून असलेल्या दुसऱ्याला मात्र हात लावायचा नाही. ॲक्सल जागेवर राहतो तो त्यांच्याच जिवावर. आणि कंपनीचाच पाटा काढलात तर गाडी बसते, चार माणसं बसल्यावर बंप स्टॉपवर (ॲक्सलला फार वर येण्यापासून अडवणाऱ्या रबरावर) आपटते आणि ‘धाड्’ असा आवाज येतो. मग पुन्हा शॉकअपच्या नावाने बोटं मोडली जातात.

शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) आणि बुश (त्या जोडातलं रबर) बघितल्याशिवाय पाट्यांना दोष देणंही घाईचं. पाटा दबला की लांबतो, आणि तेवढी जागा शॅकल झुलून देतो. तो गंजून घट्ट झाला असेल तर उत्तम पाटेही दगड होतात. रबरी बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर, चाकांवर वजन असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं.

हे सगळं करण्याआधी फुकटचा उपाय म्हणजे टायरची हवा. पंपावर ‘पस्तीस?’ विचारल्यावर मान हलवायची सवय सोडा आणि कंपनीचा आकडा बघा.

शॉकअप घ्यायचेच असतील तर पाटे बसल्यावर घ्या. पाट्यांची कमान बदलली की शॉकअपच्या लांबीची गरजही बदलते. गाडी उभी असताना वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर मोजा आणि शॉकअपला दोन्हीकडे हालचाल उरते ना, ते बघा. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट थोडे किलोमीटर चालवून पुन्हा आवळून घ्या, नवे पाटे बसले की ते हमखास सैल होतात.