ईसीजीच्या तारा हातापायांना का लावतात?

तपासायचे असते हृदय, पण ईसीजी काढताना चिमटे लागतात मनगटांना आणि घोट्यांना. छातीवरचे इलेक्ट्रोड पुष्कळ नंतर आले.

ठोक्यागणिक हृदयात वीज निर्माण होते, हे इटलीच्या कार्लो मात्तेउची यांनी १८४२ मध्येच बेडकावर दाखवले होते. माणसाच्या हृदयाची छाती न उघडता पहिली नोंद घेतली ती लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी, १८८७ मध्ये. शरीरातले क्षारयुक्त द्रव वीज वाहून नेतात, म्हणून हृदयातली लहर त्वचेपर्यंत पोचते. मात्र तिथे ती जेमतेम एक मिलिव्होल्ट उरते. वॉलर आपल्या जिमी नावाच्या कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून हे प्रात्यक्षिक करून दाखवत.

त्यांच्या उपकरणात केशनळीतला पारा वरखाली होई. पारा जड, हृदयाची लहर चपळ. त्यामुळे रेघ बोथट उमटे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइन्थोवेन यांनी पाऱ्याची ही दिरंगाई गणिताने वजा केली आणि १८९५ मध्ये मूळ रेघ कशी असेल ते कागदावर काढले. तिच्या चढउतारांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली. पी म्हणजे वरच्या कप्प्यांत पसरणारी लहर, क्यूआरएस खालच्या कप्प्यांतली, आणि टी म्हणजे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होणे.

पुढे चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा ताणून त्यांनी नवे गॅल्व्हानोमीटर, म्हणजे सूक्ष्म वीज टिपणारे यंत्र, बनवले. त्याने थेट टिपलेली रेघ आधी गणिताने काढलेल्या रेघेशी जुळली! मला या साऱ्या इतिहासात हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. यंत्र सुमारे २७० किलोंचे, चालवायला पाच माणसे. ते रुग्णालयात नेणे शक्य नव्हते, म्हणून दीड किलोमीटरवरच्या रुग्णांची नोंद टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत येई. रुग्ण दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. या तीन जागांच्या तीन जोड्या. प्रत्येक जोडीतल्या विजेच्या फरकाची नोंद म्हणजे एक लीड; याच आजच्या लीड एक, दोन आणि तीन. आइन्थोवेन यांना १९२४ चे नोबेल मिळाले.

छातीवरच्या सहा लीड १९३० च्या दशकात आल्या. १९४२ मध्ये इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी हातापायांच्याच तारांतून आणखी तीन काढल्या. म्हणून तारा दहा, पण लीड बारा. उजव्या पायाची तार मात्र कुठल्याच लीडमध्ये धरत नाहीत. बाहेरच्या विजेचा व्यत्यय कमी करणे एवढेच तिचे काम.