हस्तकला पुनर्वसन उद्योग, मुंबई

मानवी तस्करीतून, विशेषतः सक्तीच्या देहविक्रयातून सुटलेल्या स्त्रियांना शिवणकाम, गोधडीकाम, भरतकाम, मणीकाम अशा हस्तव्यवसायांत नियमित वेतनावर काम देणारे उद्योग. विक्रीतून उरलेली रक्कम मालकांत वाटली जात नाही. ती वेतन, निवारा, औषधोपचार आणि शिक्षण यांकडे वळते. कायदेशीर रूप सहसा सार्वजनिक न्यासाचे, कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ८ खालील कंपनीचे किंवा न्यासाला जोडलेल्या खासगी कंपनीचे असते. कामाठीपुरा व फॉकलंड रोड (आता पठ्ठे बापूराव मार्ग) हा परिसर या कामाचे मूळ क्षेत्र मानला जातो. पुढे देहविक्रयाच्या वस्त्या पांगल्या, तसे भांडुपचे सोनापूर, नवी मुंबईतील तुर्भे व भिवंडीची हनुमान टेकडी येथपर्यंत हे क्षेत्र विस्तारले.

उगम : या उद्योगांचा आरंभ कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार त्यांचे मूळ एकोणिसाव्या शतकातील सुधारणावादी चळवळीत आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेले. रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्तिसदनात विणकाम, शिवण, छपाई ही कामे स्त्रियांच्या हाती होती. बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले, तेथेही हस्तव्यवसायाला स्थान होते. या संस्था प्रामुख्याने विधवा, परित्यक्ता व दुष्काळग्रस्त मुलींसाठी होत्या, असा आक्षेप या मतावर घेतला जातो. मात्र केडगावला समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हा वेगळा विभाग होता. त्यामुळे हा आक्षेप पूर्णपणे टिकत नाही.

दुसरे मत आरंभ कायद्यात शोधते. १९१७ मध्ये डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात अकूताई या स्त्रीचा छळ करून खून झाला. त्या प्रकरणाने शहर हादरले, चौकशा झाल्या आणि १९२३ मध्ये मुंबई इलाख्याचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांच्या व्यापारास बंदी घातली आणि १९५६ मध्ये स्त्रिया व मुली अनैतिक व्यापार दमन अधिनियम झाला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर तो अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्यातील कलम २१ खाली संरक्षणगृहे आली. देवनारचे नवजीवन महिला वसतिगृह हे मुंबईतील त्यांपैकी प्रमुख. अशा गृहांतील शिवणवर्ग हेच आजच्या उद्योगांचे पूर्वरूप, असे हे मत सांगते.

तिसरे मत १९९६ हे वर्ष महत्त्वाचे मानते. त्या वर्षी फेब्रुवारीत, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यानंतर पोलिसांनी कामाठीपुरा परिसरात छापे घालून चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढल्या. त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. एवढ्या जणींना ठेवायचे कोठे, परत कोण नेणार, गावी गेल्यावर त्या जगणार कशावर, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याच यंत्रणेकडे तयार नव्हती. त्यानंतरच्या दशकात स्वयंसेवी संस्थांचे निवारे वाढले. हैदराबादला प्रज्वला ही संस्था (१९९६), कोलकात्यात सोनागाछी या देहविक्रयाच्या वस्तीजवळ फ्रीसेट हा उद्योग अशी उदाहरणे उभी राहिली आणि परदेशातील ‘न्याय्य व्यापारा’ची, म्हणजे वस्तू घडवणाऱ्याला रास्त मोबदला देणाऱ्या व्यापाराची, बाजारपेठही खुली झाली. मुंबईतील उद्योग साधारणपणे २००० नंतरच्या या लाटेतले.

तिन्हींपैकी तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. संरक्षणगृहातील काम कोठडीत केलेले काम होते. वरील १९५६ च्या अधिनियमाच्या कलम १७ नुसार दंडाधिकारी चौकशीअंती स्त्रीला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतो. त्या काळात तिने शिवलेल्या झबल्याला बाजारभावाने मजुरी मिळणे हा तिचा हक्क नव्हता. दार उघडे असणे आणि महिनाअखेर पगार हातात पडणे या दोन गोष्टींनी आजचा उद्योग आधीच्या सर्व प्रयोगांपासून वेगळा होतो. सुधारकांच्या सदनांनी हाताला काम देण्याची दृष्टी दिली, हे ऋण मात्र मान्य केलेच पाहिजे.

तंत्र : पर्स व पिशव्यांपासून दागिन्यांपर्यंत अनेक वस्तू होतात; तरी जुन्या साड्यांची थरदार शिलाई हे या उद्योगांचे सर्वांत ओळखीचे काम. कच्चा माल मुंबईत सहज मिळतो. भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणाऱ्या बोहारणींकडून साड्या घाऊक बाजारात येतात. तेथून निवडताना कापड उजेडासमोर धरून विरलेला भाग पाहतात. धडक्या सुती साड्या वरच्या व खालच्या थराला, झिरझिरीत झालेल्या मधल्या थरांना वापरतात. साड्या गरम पाण्यात धुऊन, इस्त्री करून, काठ उतरवून कापतात. काठ पुढे कडेच्या पट्टीसाठी कामी येतात. तीन ते पाच थर सपाट जमिनीवर पसरून आधी मोठ्या टाक्यांची कच्ची टीप घालतात. ती नीट नसेल तर धुतल्यावर माल एका बाजूला ओढला जातो. मग धावदोरा. टाका जितका बारीक व ओळी जितक्या जवळ, तितका माल टिकाऊ आणि तितकेच तास जास्त.

हा धावदोरा बंगालच्या कांथ्यातून (जुन्या कापडाच्या थरांवरील भरतशिलाईतून) आला की महाराष्ट्राच्या गोधडीतून, हा वाद विक्रेत्यांनी वाढवला आहे. परदेशी ग्राहकाला कांथा हे नाव परिचित असल्याने मुंबईचा माल बहुधा त्याच नावाने विकला जातो. कामाठीपुऱ्यात बंगाली स्त्रियांची संख्या लक्षणीय असल्याने काहींना ते योग्यही वाटते. तथापि जुन्या बंगाली कांथ्याची मांडणी निराळी आहे : मध्यभागी कमळ, चार कोपऱ्यांत झाडे किंवा कोयऱ्या, मधल्या जागेत माणसे, हत्ती, पालख्या. कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये कांथ्यावर लिहिले, तेव्हापासून चर्चा मुख्यतः या चित्रांभोवतीच फिरली आहे. मुंबईच्या मालात चित्रे क्वचितच असतात. सरळ समांतर ओळी किंवा कडेपासून आत येणारे चौकोनी फेरे आणि ठिगळांची रंगसंगती ही त्याची ओळख. ती देशावरच्या गोधडीशी व वाकळीशी अधिक जुळते. सांगली, सोलापूर व उत्तर कर्नाटकातून आलेल्या स्त्रियांनी हे काम लहानपणी आई-आजीकडे पाहिलेले असते. हातात शिरलेले हे जुने ज्ञान त्यांना शिकाऊपणातून लवकर बाहेर काढते, आणि मुंबईच्या मालाला गोधडी म्हणणेच उचित आहे.

या कामाची निवड केवळ सौंदर्यदृष्टीने झाली नाही. सुई, दोरा आणि जमीन एवढे भांडवल पुरते. काम मध्येच थांबवून पुन्हा धरता येते. न्यायालयाची तारीख, क्षयाचे किंवा एआरटीचे (एचआयव्हीवरील उपचाराचे) औषध घेण्याची फेरी, मुलाची शाळा यांमुळे दिवस मोडणाऱ्या स्त्रीला हे सोयीचे असते. एकाच गोधडीभोवती चौघी बसतात, बोलायचे तेवढे बोलतात, नाही तर गप्प राहतात. जुकी मशीनवर (विजेच्या कारखानी शिवणयंत्रावर) काम करणारीला उत्पन्न अधिक मिळते, पण त्यासाठी सलग लक्ष व डोळ्यांची ताकद लागते.

वेतन : नगावर मजुरी की महिन्याचा पगार, हा येथील मूळ प्रश्न आहे. मुंबईच्या लहान कारखान्यांत नगाचा दर आणि गरजेला उचल ही सर्वसाधारण रीत. पण ज्या स्त्रीला घरवालीने (कुंटणखाना चालवणारीने) तिच्या खरेदीची रक्कम ‘कर्ज’ म्हणून वर्षानुवर्षे फेडायला लावली, तिच्या बाबतीत उचल धोक्याची ठरू शकते. नगाचा दर आजारपणाच्या दिवसाला शून्य करतो आणि जुन्या वाटेकडे ढकलतो. म्हणून किमान वेतनाइतका तरी ठरलेला पगार, कर्मचारी राज्य विमा (दहा कामगारांपासून लागू) व भविष्यनिर्वाह निधी (वीस कामगारांपासून) या गोष्टींना येथे एरवीपेक्षा अधिक महत्त्व आहे. पगार बँकेत जमा व्हायचा तर ओळखपत्र हवे. बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिलेल्या आदेशाने देहविक्रयातील स्त्रियांना निवासाच्या पुराव्याविना, विहित प्रमाणपत्राच्या आधारे आधार कार्ड देण्याची वाट मोकळी केली.

टीका : सांगलीच्या संग्राम संस्थेशी जोडलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद (व्हॅम्प) छापे व सक्तीचे पुनर्वसन यांना सातत्याने विरोध करते. आशिया-पॅसिफिकमधील देहविक्रय कामगारांच्या जाळ्याने तर फुली मारलेले शिवणयंत्र हेच आपले चिन्ह केले. शिवणकामाची मिळकत अपुरी असते आणि प्रौढ स्त्रीची इच्छा विचारली जात नाही, हे त्यांचे दोन मुख्य मुद्दे. दुसरा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयानेही उचलून धरला : सप्टेंबर २०२० मध्ये न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तीन प्रौढ स्त्रियांना वसतिगृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाच्या वरील आदेशातही मनाविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या प्रकरणांचा फेरविचार करण्यास सांगितले आहे. अल्पवयीन आणि विकल्या गेलेल्या मुलींबाबत मात्र ही टीका लागू करता येत नाही. त्यांच्यासाठी सुटका व त्यानंतरची भाकरी या दोन्हींची हमी द्यावीच लागते. पहिला मुद्दा उद्योगांनी पगार वाढवूनच खोडता येईल.

विक्री : प्रदर्शने, दिवाळीच्या भेटवस्तूंच्या कंपनी-मागण्या आणि निर्यात यांवर भर असतो. काही उद्योग करणारीचे नाव वस्तूवर टाचतात. ते नाव घेतलेले, बदललेले असावे आणि तिची पूर्वकथा लेबलावर छापू नये, हा संकेत पाळणे अगत्याचे आहे; गोधडी तिच्या टाक्यांवर विकली जावी.

शासकीय योजना : केंद्राची उज्ज्वला योजना ४ डिसेंबर २००७ रोजी सुरू झाली. प्रतिबंध, सुटका, पुनर्वसन, समाजात पुनःस्थापना व मायदेशी पाठवणी हे तिचे पाच भाग. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ या महिलांसाठीच्या कार्यक्रमात ती स्वाधारगृह योजनेबरोबर एकत्र होऊन आता ‘शक्ती सदन’ नावाने चालते. वेठबिगारांच्या पुनर्वसनाच्या २०१६ च्या केंद्रीय योजनेत तस्करी व लैंगिक शोषणाच्या प्रकरणांसाठी ३ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे.