सांडपाण्याचा नमुना, क्लोरीन आणि पोलिओची चाचणी: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडल्याची बातमी पेपरात आली की आमच्या प्रयोगशाळेतला फोन वाजू लागतो. ‘आमच्या सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी पोलिओसाठी तपासून द्याल का?’ ही चाचणी आमच्याकडे होत नाही. ती जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळांतच होते. कोणी खासगीत करून देतो म्हणालं, तर आधी मान्यतेचा कागद मागा.

आपल्या देशात सांडपाण्यात पोलिओ शोधण्याचं काम २००१ साली मुंबईत सुरू झालं. लागण झालेल्या साधारण २०० जणांत एकालाच कायमचा लकवा होतो. बाकीचे बहुतेक धडधाकट दिसतात, पण त्यांच्या शौचातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. लंडनमध्ये २०२२ साली लकव्याचा एकही रुग्ण नसताना सांडपाण्यातूनच सुगावा लागला. नमुना घेतात तो लाख-दोन लाख वस्तीचा मैला जिथे एकत्र येतो तिथे. एका सोसायटीच्या टाकीवरून शहराचं काहीच कळत नाही.

सकाळी पाण्याचा जोर असताना, प्रक्रियेआधीचं लिटरभर पाणी घेऊन बर्फात पाठवतात. त्यातल्या अर्ध्या लिटरमध्ये पीईजी आणि डेक्स्ट्रान ही दोन रसायनं मिसळून ते नरसाळ्याच्या आकाराच्या, तळाला तोटी असलेल्या काचेच्या भांड्यात रात्रभर थंडीत ठेवतात. सकाळी तळाशी दाटसर थर बसलेला असतो. विषाणू गोळा होतो तो तिथे, म्हणून तोटी सोडून तेवढेच काही मिलिलिटर काढून घेतात. क्लोरोफॉर्मने त्यातले जिवाणू मारले की ते एल२०बी या पेशींवर घालतात. या उंदराच्या पेशी, पण पोलिओचा विषाणू ज्याला चिकटतो तो माणसातला रेणू त्यांवर बसवलेला असतो, त्यामुळे त्यांत मुख्यतः पोलिओच वाढतो. पेशी गोल होऊन सुटू लागल्या की पीसीआरने प्रकार ठरवतात आणि गरजेप्रमाणे जनुकक्रम वाचतात. यात काही आठवडे जातात. लसीच्या डोसातला विषाणू न बदलता तसाच सापडला तर सहसा घाबरायचं कारण नाही, थेंब घेतलेल्या मुलांच्या शौचातून तो येणारच.

आता आमच्या काउंटरवर रोज अडतं ते. एसटीपीचा ऑपरेटर क्लोरीन टाकीनंतरच्या नळाचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणतो. आम्ही क्लोरीन तपासायचे ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकतो, पाणी लगेच पिवळं होतं. म्हणजे क्लोरीन अजून शिल्लक आहे आणि सातपूरहून इथे येईपर्यंत बाटलीतले जंतू मारत आलंय. अशा नमुन्याचा ‘ई. कोलाय (मैल्यातले जिवाणू) आढळले नाहीत’ हा रिपोर्ट दिसायला छान, पण तुमचा प्लांट नीट चालतो का, हे त्यातून कळत नाही. म्हणून तो नमुना आम्ही परत करतो. काही जण रागावतात, फेरी वाया जाते हे खरं आहे. पण चुकीच्या रिपोर्टवर बागेला पाणी सोडलं, तर त्याची किंमत तिथे खेळणारी मुलं मोजतात.

आमच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. क्लोरीनचं काम ते भरतानाच थांबवतं. त्यामुळे बाटली आधी विसळू नका. वर थोडी जागा ठेवा, वेळ लिहा आणि बर्फाच्या डब्यात सहा तासांच्या आत पोचवा. मैल्यात मुळात काय येतंय ते पाहायचं असेल, तर दुसरी बाटली इनलेटवर, म्हणजे मैला प्लांटमध्ये शिरतो तिथे भरा. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय प्लांटने किती काम केलं ते सांगता येत नाही.

विषाणूंचीच काळजी असेल, तर कोलिफाजची चाचणी आमच्याकडे होते. हे ई. कोलाय जिवाणूला लागणारे, माणसाला निरुपद्रवी विषाणू. मैल्यातले विषाणू प्रक्रियेत कितपत कमी होतात याचा त्यांवरून अंदाज येतो, निकालही साधारण दुसऱ्या दिवशी मिळतो. बाटल्या आम्ही मोफत देतो. सातपूर, अंबड आणि नाशिकरोडला आमचा माणूस डबा घेऊन स्वतः नमुना भरायला येतो, त्यासाठी आदल्या दिवशी कळवा. शनिवारी दुपारनंतर जंतुचाचणीचे नमुने घेत नाही.