राजपुत्राचे हृदय आणि गादीचे वारस

डीएनए तपासला की राजघराण्याचा खरा वारस ठरतो, असा समज वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी बराच पसरवला आहे. फ्रान्सच्या गादीच्या बाबतीत हा समज अर्धाच खरा आहे.

फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईचा मुलगा, ज्याला राजनिष्ठ लोक सतरावा लुई मानतात, ८ जून १७९५ रोजी पॅरिसच्या तांप्ल तुरुंगात वयाच्या दहाव्या वर्षी वारला. शवविच्छेदन करणाऱ्या पेल्ताँ या डॉक्टरांनी त्याचे हृदय गुपचूप काढून मद्यार्कात ठेवले. पुढे ‘मीच तो राजपुत्र’ म्हणणारे अनेक तोतये निघाले. त्यांतील नाउनडॉर्फ १८४५ मध्ये डेल्फ्ट येथे मरण पावला, तरी त्याच्या वंशजांनी दावा सोडला नाही.

येथे उपयोगी पडला तो मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकाचा, डीएनए. पेशीकेंद्रातील डीएनए आई-वडील दोघांकडून येतो आणि दर पिढीला त्याची सरमिसळ होते. मायटोकॉन्ड्रियामधील सुमारे १६,५६९ अक्षरांचे वर्तुळाकार डीएनए मात्र बीजांडातून, म्हणजे केवळ आईकडून, जवळजवळ जसेच्या तसे मिळते. शिवाय एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्यामुळे, पेशीकेंद्रातील डीएनए नष्ट झालेल्या जुन्या केसांत किंवा वाळलेल्या स्नायूतही त्याचे वाचता येण्याजोगे तुकडे उरतात. कासिमान आणि ब्रिंकमन यांच्या प्रयोगशाळांनी २००० साली हृदयातील अनुक्रम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, राजपुत्राची आई मारी आंत्वानेत व तिच्या बहिणींच्या केसांशी आणि मातृवंशातील हयात नातलगांशी ताडून पाहिला आणि तो जुळला. नाउनडॉर्फच्या हाडातील अनुक्रम त्याआधीच विसंगत ठरला होता. मात्र १७८९ मध्ये वारलेल्या थोरल्या भावाचाही अनुक्रम हाच असणार, त्यामुळे हे हृदय त्याचे नव्हे हे सांगण्यासाठी ते कसे जतन केले होते याच्या नोंदींकडेच वळावे लागते.

गंमत अशी की ज्या गादीवर स्त्रीवंशाला हक्कच नाही, तिच्या राजपुत्राची ओळख आईकडून आलेल्या डीएनएने पटली. पितृवंशाचा माग वडिलांकडून मुलाला मिळणाऱ्या वाय गुणसूत्रावरून काढतात. २०१३ मध्ये बूर्बाँ या फ्रान्सच्या राजघराण्यातील तीन हयात पुरुषांचे वाय गुणसूत्र परस्परांशी जुळले, पण त्याच घराण्याच्या चौथ्या हेन्री राजाचे म्हणून गाजलेले शिर आणि सोळाव्या लुईचे म्हणून गाजलेले वाळलेले रक्त त्याच्याशी जुळले नाही. हे अवशेष खरे ठरल्याच्या आधीच्या वर्षीच्या उत्साही बातम्यांचा त्यामुळे पार फज्जा उडाला.

या गादीवर हक्क सांगणाऱ्या आजच्या दोन दावेदारांपुढे मात्र हे गुणसूत्रही निरुपयोगी आहे. लुई आल्फाँस हे चौदाव्या लुईच्या नातवाचे, म्हणजे स्पेनच्या पाचव्या फिलिपचे वंशज, तर झाँ दोर्लेआँ हे चौदाव्या लुईच्या धाकट्या भावाचे. दोघांचा पितृवंश वंशावळीप्रमाणे तेराव्या लुईपाशी एक होतो. वाद आहे तो फिलिपने १७१२ मध्ये केलेल्या हक्कत्यागाचा. झाँ दोर्लेआँ यांचा ओर्लेआँपक्ष तो बंधनकारक मानतो, तर लुई आल्फाँस यांचे समर्थक म्हणतात की फ्रान्सचे राजपद ही कोणाची खासगी मालमत्ता नसल्यामुळे त्यावरील हक्क सोडण्याचा अधिकार फिलिपला नव्हताच.