पार्श्वभूमी : परभाषिकांशी ऑनलाइन गप्पा आणि भाषा शिकण्याचा अभ्यास

दूरच्या अनोळखी माणसाशी पत्रव्यवहार करता करता भाषा सुधारते, हे शिक्षकांना इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. १९२० च्या दशकात फ्रान्समधल्या एका खेड्यात शिकवणारा सेलेस्तां फ्रेने मुलांनी लिहिलेला मजकूर वर्गातल्याच छपाईयंत्रावर छापून दूरच्या शाळेला धाडत असे. दोन्हीकडची शाळा फ्रेंचच. दोन भाषांच्या माणसांनी जोडी जमवून एकमेकांना शिकवायची पद्धत १९६० च्या दशकात आकाराला आली. १९६३ च्या एलिझे करारानंतर फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने तरुणांच्या भेटीगाठींसाठी एक संयुक्त कार्यालय काढलं. त्या भेटीगाठींतून ‘टँडेम’ पद्धत रुजली : एक जर्मन, एक फ्रेंच, निम्मा वेळ याची भाषा, निम्मा वेळ त्याची. मास्तर नाही आणि फीही नाही.

१९९० च्या दशकात जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठात हेल्मुट ब्रामर्ट्स यांच्या पुढाकाराने ही पद्धत ईमेलवर आली. तिची दोन तत्त्वं आजही उद्धृत होतात : दोघांनी एकमेकांना सारखंच द्यायचं, आणि काय शिकायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. संशोधकांच्या दृष्टीने मात्र मोठा बदल वेगळाच होता. कॅफेत बसून मारलेल्या गप्पा हवेत विरतात, ईमेल मागे राहतो. कोणी कुठे अडखळलं, कोणी कोणाची चूक दुरुस्त केली, हे सगळं तारखेनिशी समोर. अशा ऑनलाइन संवादांच्या अभ्यासाची शाखा फोफावली ती या आयत्या पुराव्यामुळे, असं माझं मत आहे.

सुरुवातीचा अभ्यास मोजणीचाच होता. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या रिचर्ड कर्न यांनी १९९५ साली फ्रेंचच्या वर्गातली तोंडी चर्चा आणि संगणकावरची लेखी चर्चा शेजारी ठेवून पाहिली. लेखी चर्चेत मुलं पुष्कळ जास्त बोलली, शिक्षकाचा वाटा घटला, पण व्याकरण सैल झालं. भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक मायकल लाँग यांचं म्हणणं असं की, बोलणं अडतं आणि ते मार्गी लावण्याची खटपट होते तेव्हा भाषा शिकली जाते. त्यामुळे अशा अडण्याच्या जागा शोधून मोजायची टूमच निघाली. त्या काळातले बरेच निबंध वाचताना बोलणारी माणसं दिसत नाहीत, नुसती कोष्टकं दिसतात.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जिल्बर्त फ्युरस्टेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘कुल्त्युरा’ प्रकल्प सुरू केला. अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थी एकच प्रश्नावली आपापल्या भाषेत भरत. चांगला शेजारी कोण, अमुक प्रसंगी तुम्ही काय कराल, असे प्रश्न. मग उत्तरं शेजारी ठेवून चर्चा व्हायची, तीही आपापल्या भाषेतच. परकी भाषा लिहायचीच नाही, तर ती शिकणार कशी, अशी शंका येते. उत्तर असं की, मोडक्या भाषेत लिहिणारा माणूस वादात आपोआप खाली पडतो. इथे दोघेही आपल्या मैदानावर राहिले आणि वाचायला मिळाली ती समोरच्याची अस्सल भाषा.

माझ्या मते खरं वळण आलं ते २००२-०३ च्या सुमारास, जेव्हा फसलेल्या देवाणघेवाणीही अभ्यासाचा विषय झाल्या. संशोधक जूली बेल्त्स यांनी अमेरिकन आणि जर्मन विद्यार्थ्यांचा प्रकल्प तपासला. दोन्हीकडच्या सत्रांच्या तारखा जुळत नव्हत्या, गुण देण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या, संगणकाची सोयही सारखी नव्हती. जर्मन जोडीदार तुटक लिहितो याचा दोष त्याच्या स्वभावावर जात होता, पण कारण वेळापत्रकातही होतं. त्याच वर्षांतलं सेलेस्ट किंगिंजर यांच्याबरोबरचं त्यांचं काम मराठी वाचकाला चटकन कळेल : समवयस्काला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, हा घोळ पुस्तकाने सुटला नव्हता. ‘अरे, मला तू म्हण’ असं जोडीदारानेच सांगितल्यावर तो सुटू लागला. स्टीव्हन थॉर्न यांनी दाखवलं की साधन निवडण्यातही गोम असते. काही अमेरिकन विद्यार्थ्यांच्या लेखी ईमेल म्हणजे आईवडील आणि प्राध्यापकांना लिहिण्याची वस्तू, मित्राशी गप्पांची नव्हे. एका विद्यार्थिनीची फ्रेंच जोडीदाराशी मैत्री जमली ती ईमेल सोडून इन्स्टंट मेसेंजरवर गेल्यावर.

२००६ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो राज्य विद्यापीठात जुआंव तेलेस यांनी ‘टेलिटँडेम’ सुरू केलं, आणि आवाज व चेहराही नोंदीत आला. आता हातवारे, गप्प बसणं, नजर चुकवणं हेसुद्धा अभ्यासात घेता येतं. त्याबरोबर चेहरा ओळखू येतो, म्हणून परवानगीचा प्रश्नही अवघड झाला.

आपल्याकडचा एक धागा फलटणचा. शिक्षणसंशोधक सुगाता मित्रा यांना २०१३ मध्ये टेड पारितोषिक मिळालं. त्यातून ज्या सात शिक्षणकेंद्रांची उभारणी झाली, त्यांतलं एक तिथे होतं, आणि ‘ग्रॅनी क्लाउड’ (शब्दशः ‘आज्यांचा मेघ’) या गटाचे स्वयंसेवक स्काइपवरून अशा मुलांशी इंग्रजीत गप्पा मारत. पण टँडेमच्या पहिल्या तत्त्वावर हे उतरत नाही. पलीकडच्या आजीबाई काही मराठी शिकायला बसलेल्या नव्हत्या.

दरम्यान लोक स्वतःहूनच बोलायला लागले होते. लँग-८ आणि लाइव्हमोका ही भाषा शिकणाऱ्यांची संकेतस्थळं २००७ ची, हॅलोटॉक आणि टँडेम ही अ‍ॅप पुढच्या दशकातली. तिथे बोलणाऱ्यांना सत्र नाही, गुण नाहीत, शिक्षक नाही. त्यांचे संवाद कंपन्यांकडे साठतात. विद्यापीठातल्या संशोधकाच्या हाती बहुतेक वेळा आपल्याच वर्गातली वीस-पंचवीस मुलं असतात, आणि या विषयातले बरेच निष्कर्ष अशाच वर्गांमधून आलेले आहेत.